तीन व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प: आत नेमकं काय चालतं

इलेक्ट्रिक गिटार कधी घरच्या म्युझिक सिस्टिमला लावून बघितलीये का? आवाज स्वच्छ येतो, एकेक तार वेगळी ऐकू येते, आणि तरी पाच मिनिटांत कंटाळा येतो, कोरडा आणि टोचरा वाटतो तो आवाज. यात सिस्टिमचं काही चुकत नाही, जे आत येईल तेच मोठं करून बाहेर द्यायचं हेच तिचं काम. गिटारचा अ‍ॅम्प हे काम करतच नाही. आत आलेल्या सुरात तो स्वतःचं काहीतरी मिसळतो, आणि ज्याला आपण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणून ओळखतो त्यातला मोठा हिस्सा त्या मिसळण्यातून आलेला असतो.

तंबोरा जवळून ऐकलेल्या माणसाला हे पटकन कळेल. जवारी उतरलेली असली की तार छेडल्यावर नुसता सूर येतो, बंद बंद. मग मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून किंचित उतरता करतो, तारेखाली दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो, तार त्या उताराला चाटत हलायला लागते आणि एका सुरातून वरचे चार-पाच सूर उलगडतात. तारेच्या सरळ हलण्यात घोडीने जरासा अडथळा आणला आणि त्यातून नाद भरला. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये असाच अडथळा विजेच्या रूपात येतो, आणि तो किती यावा, कुठल्या बाजूने यावा हे तुम्ही ग्राफ पेपरवर पेन्सिलीने ठरवू शकता. मला या विषयाचं वेड लागलं ते या एका गोष्टीमुळे.

समजून घ्यायला सगळ्यात छोटा अ‍ॅम्प घेऊ. लिओ फेंडर हे मूळचे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधले रेडिओ रिपेअर करणारे, त्यांच्या कंपनीने १९५० च्या दशकात नवशिक्यांसाठी चँप नावाचा अ‍ॅम्प काढला, त्याचं ५एफ१ हे सर्किट आजही जगभर लोक घरी बनवतात. तीन व्हॉल्व्ह, एक नॉब, ८ इंची स्पीकर, साधारण ५ वॅट. मीपण तोच बनवला. त्यात एकही भाग उगाच घातलेला नाही, म्हणून प्रत्येक भाग का आहे हे विचारता येतं आणि उत्तरही मिळतं.

आधी व्हॉल्व्ह. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली. मध्ये हीटर, त्याच्याभोवती कॅथोड, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला प्लेट, तिच्यावर दोन-तीनशे व्होल्ट पॉझिटिव्ह, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. एवढ्यावर झाला डायोड, तो फ्लेमिंगने १९०४ मध्ये केला. दोनेक वर्षांनी ली डी फॉरेस्टने मध्ये एक तारेची जाळी घातली, ती ग्रिड, आणि सगळी जादू तिची आहे कारण ती कॅथोडच्या अगदी जवळ असते. प्लेट लांब आणि ग्रिड जवळ, म्हणून ग्रिडवर १ व्होल्ट बदललं तर इलेक्ट्रॉनच्या धारेवर जो परिणाम होतो तोच करायला प्लेटवर कितीतरी जास्त बदलावं लागतं. १२एएक्स७ या व्हॉल्व्हमध्ये हे प्रमाण १०० आहे. युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात आणि आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिक लोकांच्या तोंडी हेच नाव असतं.

आता खरी मजा. ग्रिडने करंट हलवला पण आपल्याला हवंय व्होल्टेज, म्हणून प्लेट आणि सप्लायच्या मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर टाकतात, करंट वाढला की त्याच्यावर जास्त व्होल्टेज पडतं आणि प्लेट खाली येते, करंट कमी झाला की प्लेट वर जाते. हिशोब सोपा राहावा म्हणून सप्लाय ३०० व्होल्ट धरा. व्हॉल्व्हच्या डेटाशीटमध्ये एक आलेख असतो, आडवा प्लेटचं व्होल्टेज, उभा करंट, आणि ग्रिडच्या प्रत्येक व्होल्टेजसाठी एकेक वळणदार रेघ. त्यावर आपण एक सरळ रेघ मारायची. करंट शून्य असेल तर रेझिस्टरवर काहीच पडत नाही, प्लेट ३०० वर, हा झाला उजवीकडचा बिंदू. प्लेट शून्यावर आली तर ३०० व्होल्ट सगळे रेझिस्टरवर, म्हणजे ३०० भागिले १०० किलो, ३ मिलिअ‍ॅम्पिअर, हा डावीकडचा बिंदू. पट्टी ठेवा आणि दोन्ही जोडा. याला लोड लाइन म्हणतात. तुमचा व्हॉल्व्ह आता जन्मभर याच रेघेवर पुढेमागे फिरणार, तिच्याबाहेर त्याला जाताच येत नाही.

मग गिटार वाजत नसताना व्हॉल्व्हने या रेघेवर कुठे उभं राहायचं ते ठरवायचं. ही रेघ उणे दीड व्होल्टच्या वळणाला जिथे कापते तिथे करंट साधारण १ मिलिअ‍ॅम्पिअर आणि प्लेट साधारण २०० व्होल्टवर दिसते. छान जागा आहे, दोन्ही बाजूंना हलायला वाव आहे. पण ग्रिडला उणे दीड व्होल्ट आणायचे कुठून? ग्रिड जमिनीला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टला, बांधायची आणि कॅथोडच दीड व्होल्ट वर उचलायचा, म्हणजे कॅथोडच्या नजरेतून ग्रिड दीडने खाली. कॅथोडखाली रेझिस्टर टाका, दीड व्होल्ट भागिले १ मिलिअ‍ॅम्पिअर, १.५ किलोओहम. कित्येक जुन्या अ‍ॅम्पच्या सर्किटमध्ये हा १.५ के दिसतो आणि मी बरीच वर्षं तो नुसता कॉपी करत होतो, ज्या रात्री ही रेघ स्वतः मारली आणि उत्तर १.५ आलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आता गिटार लावा. पिकअपमधून, म्हणजे तारांचं हलणं विजेत बदलणाऱ्या कॉइलमधून, समजा दशांश एक व्होल्ट आला, या स्टेजची वाढ साधारण ६० पट, म्हणजे प्लेट ६ व्होल्टने हलते, सगळं स्वच्छ. जोरात स्ट्रम केलं, किंवा ही पुढची दुसरी स्टेज असेल (१२एएक्स७ च्या एकाच नळीत अशा दोन स्टेज असतात) जिच्याकडे आधीच वाढलेला सिग्नल येतोय, तर ग्रिड वर वर जात शून्याला पोचते, आणि तिथे ती स्वतःच इलेक्ट्रॉन ओढायला लागते, सिग्नलचा वरचा माथा चेपला जातो, प्लेट शंभरच्या जरा वर येऊन अडते. दुसऱ्या बाजूला ग्रिड खाली जाते तेव्हा काय होतं ते आलेखात बघा, वळणं एकमेकांच्या जवळ जवळ येत दाटत जातात, म्हणजे तेवढ्याच बदलाला करंट कमी कमी हलतो आणि हळूहळू बंद पडतो. एका बाजूला चेपणं, दुसऱ्या बाजूला गोलाई. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि या सारख्या नसण्यातूनच दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर जन्माला येतो. तुम्ही सा वाजवला तर वरचा सा मिसळतो. दोन्ही बाजू अगदी सारख्या चेपल्या असत्या तर विषम पटीचेच सूर आले असते, तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम आणि त्याच्या पुढचे. कॅथोडचा रेझिस्टर बदलला की उभं राहायची जागा सरकते आणि हे मिश्रण बदलतं, दोरा सरकवण्यासारखंच.

त्या कॅथोड रेझिस्टरला आडवा एक कॅपॅसिटर लावता येतो. नसेल तर करंट वाढला की कॅथोडपण वर उचलला जातो आणि स्वतःच्याच वाढीला थोडा विरोध करतो, स्टेजची वाढ ६० वरून ३० च्या आसपास येते. २५ मायक्रोफॅरडचा लावला की गिटारच्या सगळ्या सुरांना पूर्ण वाढ मिळते. ०.६८ चा लावला तर वरच्याच सुरांना मिळते आणि खालचे मागे राहतात, म्हणून आवाज चिरत पुढे येतो. दहा-वीस रुपयांचा भाग आणि अ‍ॅम्पचा अख्खा स्वभाव बदलतो.

व्हॉल्यूमचा नॉब, मधले कपलिंग कॅपॅसिटर, यांच्यावर फार वेळ घालवत नाही, कपलिंग कॅपॅसिटर प्लेटवरचे दोनशे व्होल्ट अडवतो आणि फक्त हलणारा सिग्नल पुढे सोडतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पुढे येतो पॉवर व्हॉल्व्ह, ६व्ही६. त्याच्या कॅथोडखाली ४७० ओहम आणि त्यावर साधारण १९ व्होल्ट मिळतात, म्हणजे ४० मिलिअ‍ॅम्पिअर सतत वाहतोय, गिटार वाजो न वाजो. ५ वॅट आवाजासाठी हा व्हॉल्व्ह बारा-तेरा वॅट उष्णता सतत बाहेर टाकतो, हात लावू नका.

६व्ही६ च्या डेटाशीटमध्ये ३१५ व्होल्टला साडेआठ हजार ओहमचा लोड दिलाय, त्यावर ५.५ वॅट. आपला स्पीकर ४ ओहमचा. ही दरी आउटपुट ट्रान्सफॉर्मर भरून काढतो. सोयीसाठी ८००० धरले तर भागिले ४ म्हणजे २०००, त्याचं वर्गमूळ साधारण ४५, तर प्रायमरीला (व्हॉल्व्हकडचं गुंडाळं) सेकंडरीच्या (स्पीकरकडचं गुंडाळं) ४५ पट टर्न, म्हणजे वेढे. यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मी हा ट्रान्सफॉर्मर एका वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतला, काम सुबक होतं, टर्न बरोबर होते, पण आवाजात खर्जच नाही, जाड तारा पुठ्ठ्यावर वाजल्यासारख्या. तीन आठवडे मी सर्किट शोधत बसलो. शेवटी ट्रान्सफॉर्मर उघडला तेव्हा दिसलं की गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या एक इकडून एक तिकडून अशा रचल्यात, जशा नेहमीच्या मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये रचतात. नेहमीच्या कामात तेच बरोबर आहे. पण एकट्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये प्रायमरीतून ते ४० मिलिअ‍ॅम्पिअर डीसी सतत एकाच दिशेने जातात, लोखंड एकाच बाजूला भरून जातं आणि खालच्या सुरांना हलायला जागा उरत नाही. उपाय असा की ई आकाराच्या सगळ्या पट्ट्या एका बाजूने, आयच्या सगळ्या दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये कागदाचा तुकडा. मी रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकेक पट्टी काढली, पुन्हा रचली, मध्ये पातळ इन्सुलेशन पेपर ठेवून नट आवळले. दुसऱ्या दिवशी जाड ई तार वाजवली आणि टेबलावरचा ग्लास थरथरला. तेव्हापासून वाइंडिंगला देताना मी कागदावर ठळक लिहून देतो, गॅप ठेवणे.

पॉवर सप्लायमध्ये चँपला तिसरा व्हॉल्व्ह असतो, ५वाय३, तो एसीचं डीसी करतो. अमेरिकेत मेन्स १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. लोक म्हणतात स्टेप डाउन लावला की झालं, पण नुसत्या ६० हर्ट्झसाठी काटोकाट बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, कारण प्रत्येक फेरीला लोखंडात २० टक्के जास्त फ्लक्स भरतो. त्यामुळे आपल्याकडे बनवताना २३० व्होल्ट ५० हर्ट्झचाच करून घ्या, सेकंडरी ३२५-०-३२५, शिवाय ६.३ व्होल्ट हीटरसाठी आणि ५ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअर ५वाय३ साठी. या रेक्टिफायर व्हॉल्व्हमुळे जोरात वाजवल्यावर सप्लाय दबतो आणि सूर फुलत येतो असं सगळे सांगतात, मोठ्या पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये, जिथे पॉवर व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात, ते खरंच ऐकू येतं, पण चँपमध्ये करंट जवळपास कायम तेवढाच असल्यामुळे हा परिणाम फार कमी, माझ्या मते त्याचं श्रेय विनाकारण ५वाय३ ला जातं.

घरंघरं आवाज येत असेल तर आधी कान वापरा. मेन्स ५० हर्ट्झ, रेक्टिफाय झाल्यावर १०० हर्ट्झ. गिटारची जाड ई तार तिसऱ्या फ्रेटला दाबली की ९८ हर्ट्झ येतात, जवळपास तोच सूर. तुमची गुणगुण या सुराला जुळत असेल तर दोष बहुधा सप्लायच्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये, १६ मायक्रोफॅरड आणि मागोमाग ८-८ चे दोन असतात ते तपासा. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर बहुधा हीटरच्या वायरी, त्या दोन्ही एकमेकींभोवती घट्ट पीळ देऊन चासीच्या, म्हणजे अ‍ॅम्पच्या धातूच्या पेटीच्या, कोपऱ्यातून न्यायच्या, आणि दोन्हींपासून १००-१०० ओहमचे रेझिस्टर जमिनीला. माझी निम्मी गुणगुण नुसता पीळ घट्ट केल्यावर गेली.

आता हा परिच्छेद दोनदा वाचा. या चासीत साडेतीनशे व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही राहू शकतं. व्हॉल्व्ह गरम असताना बंद केला तर कॅपॅसिटर व्हॉल्व्हमधूनच रिकामे होतात, पण व्हॉल्व्ह काढून ठेवलेले असतील तर त्यांना वाटच नसते आणि ते तासन्‌तास भरलेले बसून राहतात. म्हणून पहिल्या फिल्टर कॅपॅसिटरला आडवा २२० किलोओहम २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका, अर्ध्या-पाऊण मिनिटात बहुतेक सगळं उतरतं. तरीही प्रत्येक वेळी हात घालण्याआधी मीटर लावून बघायचं, प्रत्येक वेळी. चालू अ‍ॅम्पवर मोजताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाणार नाही. थ्री पिन प्लग, अर्थिंगची वायर चासीला स्वतंत्र नटबोल्टने, फ्यूज हवाच. गिटारच्या तारा या चासीला जोडलेल्या असतात आणि त्या तारांवर तुमची बोटं असतात. आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, सिग्नल गेला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं उसळतं की इन्सुलेशन फुटतं.

पहिल्यांदा चालू करताना रेडिओवाले करायचे तेच करा, सिरीज बल्ब. साधा पिवळा ६० वॅटचा बल्ब मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटून राहतो आणि अ‍ॅम्प वाचतो. माझा बल्ब एकदा चमकला आणि मंद झाला, हीटर नारिंगी व्हायला लागले, पंधरा-वीस सेकंद शांतता, आणि मग अशी किंकाळी की मी प्लग खेचला. घाबरू नका, हे पुष्कळांचं होतं. चँपमध्ये स्पीकरच्या वायरीवरून २२ किलोओहममधून थोडा सिग्नल मागे दुसऱ्या स्टेजच्या कॅथोडला दिलेला असतो, तो उलट्या दिशेने येऊन वाढीला आवर घालतो. ट्रान्सफॉर्मरच्या वायरी अदलाबदल झाल्या की तोच सिग्नल सुलट येतो, आवर घालायच्या ऐवजी ढकलत राहतो. प्रायमरीच्या दोन वायरी बदलल्या, सोल्डर केलं, किंकाळी गायब. नंतर हा २२ के मी एका स्विचवर घेतला, काढला की आवाज सैल आणि रांगडा होतो, लावला की बांधीव.

भाग अगदी तेच मिळाले पाहिजेत हा हट्ट धरू नका. लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं, तिथे १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्याबरोबर त्यांनी फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पवरून स्वतःचा अ‍ॅम्प बनवायला घेतला, सर्किट जवळपास तेच, पण ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर ब्रिटिश, पहिल्या जागी १२एवाय७ च्या ऐवजी जास्त वाढीचा ईसीसी८३, पुढे पॉवरला केटी६६. त्यातून वेगळाच आवाज निघाला आणि पुढचं अख्खं रॉक त्यावर वाजलं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी व्हॉल्व्ह बनवलेत, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारत फिरलं तर एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर रेडिओचे व्हॉल्व्ह अजून निघू शकतात. ईएल८४ हा पॉवर व्हॉल्व्ह मिळाला तर त्याच्या डेटाशीटवर पुन्हा पट्टी ठेवा आणि नवीन रेघ मारा, पद्धत तीच.

सगळं जमलं की नॉब सातवर ठेवा आणि गिटारचा व्हॉल्यूम चारवर. हलक्या बोटाने वाजवलं तर सूर काचेसारखा स्वच्छ. तसंच वाजवत जरा जोर लावा, सुराच्या कडेला एक खरखर उगवते आणि सूर विरता विरता परत निवळत जातो. आता गिटारचा व्हॉल्यूम दहावर न्या, पॉवर कॉर्ड, म्हणजे सा आणि पंचम एकत्र, वाजवा आणि तार सोडून द्या, शेवटी शेवटी वरचा सा वेगळा ऐकू येईल.